जावक झालेले ज्ञान

आमच्या लहानपणी वडिलांची बदली जबलपूरला झाली, आणि आई, धाकटी बहीण व आम्ही सांगलीसच मागे राहिलो. परगावी फोन करणे ही तेव्हा चैन होती. म्हणून आमच्या गणिताची देखरेख वडील आंतर्देशीय पत्रांतून करीत. अडलेली उदाहरणे आम्ही लिहून पाठवावीत, आणि आठ-दहा दिवसांनी वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात, एकेक पायरी मांडून सोडवलेली अशी ती परत यावीत, असा क्रम होता. ती पत्रे आजही आमच्यापाशी आहेत. त्यांत एकही चूक नाही. सहामाहीस आम्हांला गणितात १०० पैकी ३६ गुण मिळाले.

सातवीपर्यंत शिकलेल्या आईला काळ-काम-वेगाची उदाहरणे येत नव्हती. सहामाहीनंतर ती रोज रात्री आमच्यासमोर तांदूळ निवडत बसू लागली. आम्ही चुळबुळ करू लागलो की ती एवढेच म्हणे, "हे कसं आलं, ते मला सांग बघू." आम्ही सांगू लागलो की निम्म्या वाटेवर आमची चूक आम्हांलाच दिसे. वार्षिक परीक्षेत आम्ही बरे उत्तीर्ण झालो. त्याचे श्रेय घरात सर्वांनी वडिलांच्या पत्रांना दिले, आईनेदेखील.

ही जुनी गोष्ट आज आठवण्यास गेल्या वर्षी आमच्या कचेरीत घडलेला एक प्रसंग कारण झाला. त्या प्रसंगाने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला आहे, आणि परमुलखात सरकारी नोकरी करणाऱ्या वाचकांना तो अगदीच अनोळखी वाटणार नाही असा आमचा कयास आहे. शाळेपर्यंत जो येऊ शकला नाही त्याच्याकडे शाळा टपालाने अथवा फोनच्या पडद्यावरून पाठवून दिली, म्हणजे समाजाने त्याचे देणे फेडले असे होते काय?

शाळेने विद्यार्थ्याकडे जावे ही कल्पना मोठी उदार आहे, आणि तिचे वयही काही लहान नाही. इंग्लंडात १८४० साली स्वस्त टपाल सुरू झाले त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीचे धडे टपालाने पाठवण्यास प्रारंभ केला. आमच्या कचेऱ्यांतील यच्चयावत लघुलेखकांचे ते मूळपुरुष होत. विद्यार्थी धडा गिरवून पाठवी आणि तो तपासून त्याला परत मिळे. पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षांस बसू दिले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. त्यानंतर १९८२ साली आंध्र प्रदेशात देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८९ साली नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. २०१७ पासून 'स्वयम्' ह्या सरकारी व्यासपीठावर नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने कोणासही घरबसल्या ऐकता येतात. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष असल्याचे जाहीर केले. कागदोपत्री तरी कोणाला दार बंद राहिले नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

आता प्रसंग. आम्ही दिल्लीत रामकृष्णपुरमच्या एका कचेरीत कारकून आहोत. आमच्या शाखेत एक एम. टी. एस. आहे. पूर्वी ह्या पदास शिपाई म्हणत. सहाव्या वेतन आयोगानंतर नाव बदलले, फायलींच्या गठ्ठ्यांचे वजन मात्र बदलले नाही. वय २७, दरभंग्याकडचा, बारावी झालेला, मुनिरक्यात तिघांसमवेत एका खोलीत राहणारा. पदवीवाचून वरच्या परीक्षांना बसता येत नाही, म्हणून त्याने एका मुक्त विद्यापीठाच्या बी. ए. ला ऑनलाइन पद्धतीने प्रवेश घेतला. पुस्तके फोनवर, व्याख्याने फोनवर, शंका विचारण्याची सोयही फोनवरच. साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो ती पाने वाचत बसलेला आम्ही पाहत असू, आणि कौतुकाने दोन शब्द बोलतही असू. कौतुकाला पैसा पडत नाही.

एके दिवशी तो स्वाध्यायाचे प्रश्न घेऊन आमच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, जरा बघता का?" प्रश्न मूलभूत हक्क व राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे ह्यांतील भेदासंबंधी होता. उत्तर हिंदीत लिहावयाचे होते. आम्ही पडलो हिंदी पंधरवड्यातील निबंधस्पर्धेचे दोन वेळचे पारितोषिकविजेते. त्या रात्री बसून आम्ही ते उत्तर लिहून काढले, आणि खरे सांगावयाचे तर लिहिताना आम्हांस मजा आली. मग दुसऱ्या विषयाचे लिहिले, तिसऱ्याचे लिहिले. त्याने ती सारी आपल्या हाताने उतरून काढली. अक्षर त्याचे, वाक्ये आमची. स्वाध्यायांना गुण उत्तम पडले आणि शाखेत पेढे वाटले गेले. पुढे सत्रान्त परीक्षा झाली. तीत तो तिन्ही विषयांत नापास झाला.

निकाल फोनवर पाहून तो आमच्याकडे आला आणि हसत हसत म्हणाला, "सर, तुम्ही पास झालात. मी राहिलो." त्यात टोमणा नव्हता. आमच्या टेबलावरचा रिकामा पेला उचलून तो निघूनही गेला. आम्ही मात्र त्या दिवशी एकही टिपणी धड लिहू शकलो नाही.

आम्ही केले ते नियमाने खोटे होते, ह्याविषयी वाद नाही. दुसऱ्याची सही ठोकणाऱ्या माणसाविरुद्ध ज्या हाताने आम्ही कडक टिपणी लिहितो, त्याच हाताने आम्ही दुसऱ्याचे उत्तर लिहिले. दया म्हणून केले, असे मनाचे समाधान करता येते. परंतु दयेने केलेली लबाडी ही लबाडीच, हे कळण्यास तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. तथापि आमच्या मनात जो काटा सलत राहिला तो नियमभंगाचा नव्हता. त्या साऱ्या शिक्षणक्रमात विद्यार्थ्याची चूक शिक्षकाच्या दृष्टीस पडावी असे एकच ठिकाण होते, ते म्हणजे स्वाध्याय. पिटमनच्या विद्यार्थ्याचा गिरवलेला कागद तपासून परत येत असे, तशी ही एवढीच फट. त्या फटीतून त्या मुलाचे अज्ञान जसेच्या तसे पलीकडे गेले असते, तर कदाचित कोणी दोन ओळी लिहून त्याला वाट दाखवली असती. आम्ही त्या फटीसमोर आमचे ज्ञान आणून उभे केले. तपासणाराला वाटले, ह्याला सारे येते.

मागाहून आम्ही त्याला पहिल्या पाठाचे पहिले पान वाचावयास सांगितले. 'संप्रभुता' ह्या शब्दाशी तो अडला. त्या शब्दाशी तो सहा महिने अडून बसला होता. मग विचारले का नाहीस, शंका विचारण्याची सोय होती ना, असे म्हटल्यावर तो म्हणाला, "काय विचारू, सर? विचारायला थोडं तरी समजायला हवं ना." आम्ही निरुत्तर झालो. शंका हे अज्ञानाचे लक्षण आहे असे आपण समजतो. वस्तुतः ती अर्ध्या ज्ञानाचे लक्षण आहे. ज्याला मुळीच कळलेले नाही त्याला शंका येत नाही, त्याला झोप येते. वर्गात असा मुलगा समोर असला की चांगला शिक्षक त्याच्या डोळ्यांवरून ते ओळखतो आणि विचारल्याविना थांबतो. फोनच्या पडद्याला डोळे दिसत नाहीत.

कचेरीत पत्राला जावक क्रमांक पडतो, नोंदवहीत चढतो, आणि आमचे काम संपते. पत्र पोहोचले किंवा नाही, ज्याला पोहोचले त्याला ते वाचता आले किंवा नाही, हा आमचा प्रांत नव्हे. कचेरीपुरती ही रीत ठीक आहे. तिच्यावाचून राज्यकारभार चालणार नाही. परंतु शिक्षणाच्या बाबतीत आपण हीच रीत उचलली आहे अशी भीती आम्हांस वाटते. इतके पाठ तयार झाले, इतके उपलब्ध झाले, इतक्यांनी नाव नोंदवले: हे सारे जावक क्रमांक. आम्हां सरकारी नोकरांस अलीकडे पडद्यावरून प्रशिक्षण घ्यावे लागते, तेव्हा आम्ही काय करतो हे वाचकांना निराळे सांगण्याचे कारण नाही. एका खिडकीत व्याख्याता बोलत असतो, दुसऱ्या खिडकीत आम्ही प्रवासभत्त्याचे बिल तपासत असतो, आणि शेवटी प्रमाणपत्र तेवढे निमूटपणे उतरवून घेतो. आमचे त्यात फारसे बिघडत नाही, कारण आमचे शिक्षण पूर्वीच कोणीतरी समोर बसून करून ठेवलेले आहे. ज्याचे व्हावयाचे आहे त्याचे बिघडते.

आमच्या महाराष्ट्रातील ज्या थोर पुरुषांनी गरिबांच्या शिक्षणाचा विचार केला, त्यांनी हे मर्म ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी त्यांनी वेळ बदलली, समोर बसणारा माणूस काढून घेतला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभारली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात निरनिराळ्या जातींची मुले एका छताखाली आणून वसतिगृह चालवले. खेड्यातल्या मुलाला क्रमिक पुस्तके पाठवून देणे त्याहून पुष्कळ स्वस्त पडले असते. पण पुस्तकासोबत दिवा, भाकरी, शेजारी अभ्यास करणारा दुसरा मुलगा आणि झोप लागली तर उठवणारा कोणीतरी, इतके सारे लागते हे त्यांना ठाऊक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना कचेरी गाठता यावी म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. आमच्यासारख्या कारकुनांसाठी केलेली ती सोय होती, आणि तरीही तो वर्गच होता.

बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, त्याच विद्यापीठातून शंभर वर्षांनंतर निघालेले एक संशोधन येथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची संस्था आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघालेले महाविद्यालय त्यांतील सर्वांत जुने समजले जाते. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, फी माफक, आणि प्रवेशाला अडसर जवळजवळ नाही. कामगार, संसारी बायका, नव्याने त्या देशात आलेले लोक, शाळेत मागे पडलेली मुले ह्यांचे ते महाविद्यालय. ह्या महाविद्यालयांनी ऑनलाइन वर्ग मोठ्या प्रमाणावर सुरू केले, कारण त्यांचा विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकणारा. कोलंबियातील दोन संशोधक स्त्रियांनी वॉशिंग्टन राज्यातील, म्हणजे राजधानीतील नव्हे तर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्या राज्यातील, ४०,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतलेल्या सुमारे ५,००,००० पाठ्यक्रमांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. समोरासमोरच्या वर्गापेक्षा पडद्यावरच्या वर्गात सर्वच प्रकारच्या विद्यार्थ्यांची पीछेहाट होत होती. पण ती सारखी होत नव्हती. वयाने लहान, पूर्वीचे गुण कमी असलेले, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी अधिक मागे पडत होते. पुरुष स्त्रियांहून अधिक घसरत होते. वर्गात जे अंतर होते ते पडद्यावर वाढत होते.

ह्यातील अन्याय आम्हांस फार खोल वाटतो. ज्याला शिक्षकाची गरज सर्वांत कमी, त्याला शिक्षक समोर मिळतो. आणि ज्याला सर्वांत अधिक, त्याला शिक्षकाची छबी मिळते. वर पुन्हा आपण त्याला सांगतो की आता सोय झाली आहे, आता नापास झालास तर दोष तुझा. पूर्वी दार बंद होते तेव्हा निदान त्याला दाराला दोष देता येत होता.

येथे कोणी म्हणेल, आणि आमच्या शेजारच्या टेबलावरील गृहस्थ तर रोजच म्हणतात, की हे सारे बोलणे पोट भरलेल्यांचे आहे. दरभंग्याच्या मुलाला मुनिरक्यात कोणते महाविद्यालय सकाळी सातला वर्ग भरवून देणार आहे? त्याला जे मिळते ते ह्या पडद्यामुळेच मिळते. तो काढून घेतला तर त्याच्या हाती काय राहील? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. दूरशिक्षणाने ह्या देशात असंख्य माणसांना पदव्या दिल्या आहेत. संसार, बदल्या आणि आजारपणे सांभाळून शिकलेल्या कितीतरी बाया आमच्या परिचयाच्या आहेत. आमच्या मावशीने दोन लेकरे मांडीवर वाढवीत बी. ए. केले ते असेच. आम्ही स्वतः दोन वर्षांपूर्वी भारतीय तत्त्वज्ञानावरील एक व्याख्यानमाला पडद्यावरून ऐकली, तिची परीक्षा दिली, आणि तिच्यापासून आम्हांस निर्भेळ आनंद लाभला. पण ती ऐकताना आमच्या कानात सांगलीच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकांचा आवाज होता. आमच्या निबंधातील गोलगोल वाक्यावर ते लाल शाईने 'म्हणजे काय?' एवढेच लिहीत. पडद्यावरचे व्याख्याते काही गोलगोल बोलले की तो लाल प्रश्न आमच्या मनात आपोआप उमटे. म्हणजे एकट्याने शिकलो असे आम्ही म्हणतो, पण आम्ही एकटे नव्हतो.

दूरशिक्षणाच्या समारंभांत एकलव्याचे नाव हटकून निघते. त्याने मातीचा द्रोण केला आणि विद्या मिळवली, मग तुम्ही का नाही, असा वक्त्याचा सूर असतो. वक्त्यांना दोन गोष्टींचा विसर पडतो. एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा पुत्र होता; धनुष्य त्याला मातीच्या गुरूकडून मिळाले नाही. आणि तो रानात गेला तो हौसेने नव्हे, द्रोणाने नाकारल्यावर गेला. एकट्याने शिकला हे एकलव्याचे थोरपण खरे. परंतु ती गोष्ट सांगून जर द्रोणाला निर्दोष सोडावयाचे असेल, तर ती न सांगितलेली बरी.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा आमच्या सरकारी वसाहतीतील चित्र आम्हांस स्पष्ट आठवते. तिसरी-चौथीतली मुले पडद्यासमोर बसत, आणि त्यांच्या शेजारी आई, नाहीतर बाप, नाहीतर आजोबा बसत. अधिकारी मंडळी आपल्या बैठकी पुढे ढकलून मुलाच्या भूगोलाशेजारी बसलेली आम्ही पाहिली आहेत. एवढ्या चांगल्या शाळा, एवढे चांगले शिक्षक, एवढे उत्तम फोन. तरीही आपल्या पोटच्या मुलाला पडद्याच्या हवाली करावयास आपल्यापैकी कोणी तयार नव्हते. मग दुसऱ्याच्या मुलाला तोच पडदा पुरेसा आहे, हे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

आता ह्या विचाराने आम्ही काही जग बदलले नाही. व्यवस्थेचे काम एका कारकुनाने शनिवारी दुपारी करावे हा काही उपाय नव्हे, आणि तो उपाय आहे असे भासवून व्यवस्थेला मोकळे सोडण्याची आमची इच्छाही नाही. अभ्यासकेंद्रे हवीत, त्यांत येऊन बसणारे आणि बसल्याचा मोबदला मिळणारे शिक्षक हवेत, त्यासाठी खर्चाची तरतूद हवी. पडद्यावरचे शिक्षण स्वस्त पडते म्हणून जे वाचले ते तेथे घालता येईल. हे आम्ही कधीतरी योग्य त्या मार्गाने, वरिष्ठांमार्फत, लिहून पाठवूही. त्याला जावक क्रमांक पडेल.

त्या मुलाने पुन्हा तेच तीन विषय घेतले आहेत. थंडी सुरू झाल्यापासून बहुतेक शनिवारी तो दुपारी आमच्या क्वार्टरवर येतो. बहुतेक म्हणण्याचे कारण असे की दोनदा आम्हीच पाहुणे आले म्हणून त्याला नको म्हटले, आणि त्यानंतर तो एक आठवडा आपणहून आला नाही. परीक्षा जूनमध्ये आहे. स्वाध्याय ह्या वेळी तो स्वतः लिहितो. त्यांतील हिंदी पाहून आमच्यातील पारितोषिकविजेता पुष्कळ तळमळतो, पण लेखणीला हात लावत नाही. तो गच्चीतल्या उन्हात बसून वाचतो, आणि आम्ही शेजारी मटार सोलत बसतो. पान संपले की आम्ही म्हणतो, "आता मला सांग."

गेल्या शनिवारी तो राज्याची संप्रभुता आम्हांस समजावून देत होता. गावच्या पोखरीवर हक्क कोणाचा, पंचायतीचा की जमीनदाराचा, ह्याचा दाखला त्याने घेतला होता, आणि पाच-सात मिनिटे मोठ्या जोरात बोलला. मग मध्येच थांबला. "सर, थांबा," तो म्हणाला, "हे मी चुकीचं सांगतोय." आणि फोन उचलून तो तीन पाने मागे गेला. परातीत निम्मे मटार अजून बाकी होते.